पडदे रंगवणाऱ्या माणसाने मराठी सिनेमाचा आवाज कसा पकडला? 'प्रभात'च्या दामलेमामांची गोष्ट

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात आळेफाटा लागतो. फाट्यापासून जवळच आळे गाव आहे आणि या गावात चक्क एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या धर्मसभेपुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा. चारही भावंडं पैठणहून आळंदीकडे परत निघाली तेव्हा तो त्यांच्यासोबत चालत आला आणि आळ्यात त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. वारकरी मंडळी आजही वाट वाकडी करून इथे माथा टेकवायला येतात.

हा रेडा १९४० साली सिनेमाच्या पडद्यावर वेद बोलला. चित्रपट होता पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत ज्ञानेश्वर'. तेव्हा स्टुडिओत ना संगणक होता, ना टेप रेकॉर्डर. आवाज पकडायचा तो फिल्मवर, प्रकाशाच्या रेघोट्यांमध्ये, आणि तो नीट आलाय की नाही हे फिल्म धुऊन वाळल्याशिवाय कळायचं नाही.

या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होते विष्णुपंत गोविंद दामले. शाळेत ते फारसे शिकले नव्हते आणि गाण्याबजावण्यातलेही नव्हते. तरी मराठी बोलपटाच्या पहिल्याच वर्षी आवाजाची सगळी जबाबदारी त्यांच्या खांद्यावर पडली आणि त्यांनी ती निभावली. 'प्रभात'मध्ये सगळे त्यांना दामलेमामा म्हणायचे.

पेणहून कोल्हापूर

दामलेंचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, पेणचा. गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जाणारं हेच ते रायगड जिल्ह्यातलं पेण. तरुणपणी ते कोल्हापूरला आले आणि आनंदराव व बाबूराव या मेस्त्री भावांच्या हाताखाली काम शिकू लागले. सख्खे नव्हे, चुलत भाऊ. चित्रकलेमुळे पुढे दोघांचं आडनावच पेंटर झालं.

संगीत नाटकाचा तो भर ज्वानीचा काळ होता. नाटक मंडळ्यांना राजवाड्याचे, रस्त्याचे, जंगलाचे, देवळाचे मोठमोठे पडदे लागायचे आणि पेंटर बंधूंच्या पडद्यांना चांगली मागणी होती. दामले तिथे रंग कालवायला, पडदे रंगवायला शिकले. इथेच त्यांची गाठ कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी पडली. फत्तेलाल जन्मजात चित्रकार, तर दामलेंचा ओढा यंत्राकडे. ही जोडी पुढे जन्मभर टिकली.

आनंदरावांना सिनेमाचं वेड लागलं होतं. कॅमेरा परदेशातून आणायचा तर पैसा हवा आणि तो काही नव्हता. मग त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायचं ठरवलं. सिनेमा दाखवायचं यंत्र उघडून पाहायचं, फिल्म पुढे कशी सरकते ते समजून घ्यायचं, आणि तोच खेळ उलटा फिरवून चित्र टिपणारं यंत्र तयार करायचं, अशी ती खटपट. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते पुढे नेलं आणि त्यांच्या जोडीला लेथवर सुटे भाग घडवायला होते दामले. १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला.

दामलेंचं खरं शिक्षण म्हणायचं तर हेच. यंत्र विकत घेऊन वापरायला शिकणं वेगळं आणि त्याचा दात न् दात स्वतः घासून बनवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारे शिकलेला माणूस यंत्र बंद पडलं की कोणाला बोलवायचं हा विचार करत बसत नाही. तो पेचकस उचलतो.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढची ८-९ वर्षं दामले तिथेच राबले. कॅमेरा, फिल्म धुणं, प्रिंट काढणं ही सगळी कामं त्यांच्या हाताखालून गेली. १९२८ मध्ये फत्तेलाल यांच्यासोबत 'महारथी कर्ण' दिग्दर्शितही केला. मग मात्र कंपनीत कुरबुरी वाढल्या. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाहेर पडले. कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी पैसा घातला आणि १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली.

'प्रभात'चे पहिले सहा चित्रपट मूक होते. थेटरात किंवा तंबूत पडद्याशेजारी पेटीवाला आणि तबलजी बसायचे, चित्र पाहून वाजवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं आणि नेमका तेव्हाच सिनेमा बोलायला लागला.

यंत्र आलं, पण शिकवणार कोण?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थेटरात 'आलम आरा' लागला. तो बनवणारे अर्देशीर इराणी मूळचे पुण्याचे. आवाजाचं यंत्र परदेशी होतं, त्यासोबत विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तज्ज्ञही आला होता. त्याची रोजची फी १०० रुपये होती असं सांगतात. त्या काळी १०० रुपये ही मोठी रक्कम होती. इराणींनी त्याच्याकडून महिनाभरात काम शिकून घेतलं आणि मग रुस्तम भरुचा यांच्या मदतीने आवाज स्वतःच रेकॉर्ड केला. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर.

'आलम आरा'चं यंत्र टॅनर कंपनीचं होतं. त्यात चित्र आणि आवाज एकाच कॅमेऱ्यात, एकाच फिल्मवर उतरायचे. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. एकच डबा, सगळं त्यात. अडचणी पुढे सुरू व्हायच्या आणि त्या समजून घेतल्या तर दामलेंच्या पिढीने काय पेललं ते कळतं.

आवाज फिल्मवर येतो कसा? मायक्रोफोन आवाजाची वीज करतो. ती वीज वाढवून एका दिव्याला किंवा प्रकाशाच्या झडपेला दिली की आवाजाच्या चढउताराप्रमाणे प्रकाश कमीजास्त होतो. समोरून फिल्म एकसारख्या वेगाने सरकत असते, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. फिल्मच्या कडेला त्या प्रकाशाची पट्टी उमटते. थेटरात याच्या उलट होतं. पट्टीतून दिवा टाकायचा, पलीकडचा फोटोसेल त्याची पुन्हा वीज करतो आणि भोंगा बोलतो.

आता खोच अशी की चित्र टिपताना फिल्म क्षणभर थांबवावी लागते, नाहीतर चित्र हलतं. आवाज टिपताना मात्र ती अजिबात थांबता कामा नये, नाहीतर गाणं थरथरतं. म्हणून दोन्ही कामं यंत्रात वेगवेगळ्या जागी होतात आणि आवाज चित्रापासून सुमारे २० चौकटी पुढे-मागे राहतो. दोन्ही एकाच निगेटिव्हवर असतील तर कात्री लावायची कुठे? चित्र जिथे कापायचं तिथे आवाजात दुसरंच वाक्य चालू असतं. शिवाय चित्राची निगेटिव्ह धुवायची एक पद्धत आणि आवाजाची दुसरी. एकत्र धुतलं की एकाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान.

यावरचा उपाय म्हणजे आवाजाचं यंत्र स्वतंत्र ठेवणं. कॅमेरा वेगळा, ध्वनिमुद्रक वेगळा, दोघांच्या मोटारी एका वेगाने बांधलेल्या. शॉटच्या सुरुवातीला लाकडी पाटी फट्‌कन वाजवायची, म्हणजे पाटी मिटलेली चौकट आणि 'फट्' आवाजाची खूण जुळवून दोन्ही पट्ट्या एकत्र लावता येतात. सिनेमाच्या शूटिंगच्या फोटोत दिसणारी ती काळी-पांढरी पाटी म्हणजे या जोडणीचीच निशाणी. जगभरातले स्टुडिओ हळूहळू याच वाटेने गेले.

आज घरात गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये असाच एक वाद चालू असतो. संगणकात सगळं मिळतं, शेकडो वाद्यं, हवे तितके ट्रॅक. पण सॉफ्टवेअर अपडेट मागतं, गळ्यातला सूर कानात किंचित उशिरा येतो, आणि दोन ओळी गायला बसलेला माणूस तासभर सेटिंगमध्येच अडकतो. म्हणून काहीजण संगणक बंद करून सुट्या यंत्रांकडे वळतात. एक रेकॉर्डर, एक मिक्सर, प्रत्येक कामाला एक बटण. हा प्रकारही काही नवा नाही. टॅस्कम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र १९७९ मध्येच आणलं होतं आणि घरच्या घरी स्टुडिओ ही कल्पना तिथून पसरली. यंत्रात काय काय होतं यापेक्षा आपल्या हाताला नेमकं काय कळतं, हा खरा मुद्दा असतो. दामलेंपुढेही १९३१ साली तोच होता, फक्त चुकलं तर बुडणारी रक्कम आख्ख्या कंपनीची होती.

'प्रभात'मध्ये बोलपटाबद्दल आधी साशंकता होती. हे खूळ चार दिवसांचं आहे असं शांतारामांनाही सुरुवातीला वाटत होतं, असं म्हणतात. पण वर्षभरात प्रेक्षकांनीच निकाल लावला. मूकपट ओस पडू लागले. आवाजाचं यंत्र आणावंच लागलं आणि ते समजून घेण्याचं काम दामलेंकडे आलं. तेव्हा कोल्हापुरात ध्वनिमुद्रणाची शाळा नव्हती, मराठीत पुस्तक नव्हतं आणि विचारावं असं जवळपास कोणी नव्हतं. रसायनं, भिंगं, गिअर हे सगळं दामलेंना पाठ होतं. वीज, मायक्रोफोन, व्हॉल्व्ह हे नवीन. चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला.

झाडामागे तबला

'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये आला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याचीच नोंद होते. सोबत हिंदी आवृत्तीही होती. दिग्दर्शन शांतारामांचं, संगीत आणि राजा हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंब्यांची, तारामती दुर्गा खोटे आणि ध्वनिमुद्रण दामलेंचं.

त्या काळी गाणं आधी रेकॉर्ड करून मग ओठ हलवायची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून खरंच गायचा आणि साथीदार चौकटीबाहेर किंवा सेटवरच्या झाडामागे, खांबाआड लपून वाजवायचे. नट चालत गेला तर साथीदारांनी आवाज न करता मागोमाग सरकायचं. मायक्रोफोन कुठेतरी वर टांगायचा किंवा फुलांच्या परडीत दडवायचा. आज प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक असतो आणि तबला जास्त झाला तर नंतर कमी करता येतो. तेव्हा ते सगळं अंतरावर ठरायचं. तबला चार पावलं मागे घ्या, पेटी जरा तिरकी करा, गायक थोडा पुढे. मिक्सिंग म्हणजे माणसं सरकवणं.

त्यात बाकीचे त्रास. कार्बनचे दिवे फुसफुसायचे, कॅमेऱ्याची घरघर यायची, बाहेरून बैलगाडी जायची, कावळा ओरडायचा. उकाड्यात पंखे बंद. आणि एवढं करून रेकॉर्डिस्टने काय ऐकलं? तर कानाला लावलेल्या फोनमधून त्या क्षणी जे आलं तेवढंच. फिल्मवर काय उतरलं ते धुलाईनंतर कळणार. चुकलं असेल तर सेट पुन्हा लावा, दुर्गाबाईंना पुन्हा उभं करा, साथीदारांना पुन्हा झाडामागे बसवा.

दामलेंचा एक मोठा फायदा असा की धुलाईची खोलीही त्यांनाच कळत होती. आवाज फुटला तर दोष मायक्रोफोनचा की रसायनाचा, हे ओळखणारा माणूस दुसरा शोधावा लागत नव्हता. त्या दिवसांत बहुतेक कंपन्यांत ही दोन खाती दोन वेगळ्या माणसांकडे असायची आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे.

चित्रपट चालला. त्याच वर्षी 'अग्निकंकण' आणि 'मायामच्छिंद्र' आले, म्हणजे वर्षभरात 'प्रभात'ने तीन बोलपट बाहेर काढले. पहिल्या वर्षातला हा वेग बघितला की यंत्र किती लवकर हाताखाली आलं होतं याचा अंदाज येतो.

पुणे आणि तुकाराम

१९३३ मध्ये कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. एरंडवण्याकडे तेव्हा मोकळं रान होतं. गावापासून दूर, शांत, आवाजाच्या सिनेमाला हवं तसं. आजचा प्रभात रोड हे नाव या कंपनीवरूनच पडलं. इथे मोठं चित्रीकरण दालन, प्रयोगशाळा, ध्वनी विभाग, सुतारकाम, कपडेपट, सगळं एका आवारात उभं राहिलं. आपल्या कामाला लागणारं प्रत्येक यंत्र आपल्या दारात आणि ते चालवणारी माणसं पगारावर, हा 'प्रभात'चा शिरस्ता. दामले त्या आवाराचे कारभारी असल्यासारखे होते. बोलायचे कमी, पण कुठलं यंत्र कुरकुरतंय ते त्यांना लांबून ऐकू यायचं, असा त्यांचा लौकिक. हाताखाली नवी मुलं तयार झाली तसे ते ध्वनीच्या खात्यातून थोडे मोकळे झाले आणि फत्तेलाल यांच्यासोबत पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले.

चित्रपट होता 'संत तुकाराम'.

तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला, कपर्दिकेश्वराच्या मंदिराजवळ मानली जाते. माघ शुद्ध दशमीला स्वप्नात येऊन त्यांनी तुकोबांना 'रामकृष्णहरी' मंत्र दिला, असं तुकोबांच्या अभंगांवरूनच कळतं. म्हणजे देहू-आळंदीपासून जुन्नर-आंबेगावपर्यंतचा सगळा टापू या कथेचा घरचा. काकड्याला उठणारी, टाळ-मृदंग घेऊन उभी राहणारी, हरिपाठ तोंडपाठ असलेली गावं. याच टापूत नारायणगाव, जिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. अभंग आणि लावणी दोन्ही कानात घेऊन वाढलेला हा प्रेक्षक. त्याला खोटा अभंग ऐकवला तर तो उठून जाईल, हे उघड होतं.

तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. एकेकाळी नाटकात स्त्री भूमिका करणारे नट, नंतर भजनात रमलेले. हा माणूस तुकाराम म्हणून शोभेल का, अशी शंका स्टुडिओतच अनेकांना होती. दामले-फत्तेलाल ठाम राहिले. जिजाई झाल्या गौरी, ज्या 'प्रभात'मध्ये आधी किरकोळ कामं करायच्या. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं होतं. ते इतकं बेमालूम उतरलं की लोक आजही ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात.

या चित्रपटाची खरी करामत त्याच्या साधेपणात आहे. पागनीस गातात तेव्हा समोर मैफल आहे असं वाटत नाही. काम करता करता माणूस गुणगुणतोय आणि आवाज हळूहळू मोठा होतोय, असं वाटतं. जिजाई चिडून बोलते ते घरातल्या बाईसारखं, नाटकाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून नव्हे. हे मायक्रोफोनने शक्य केलं होतं. नाटकात कुजबुज ओरडून करावी लागते, सिनेमात ती खरंच कुजबुजता येते. हा फरक दिग्दर्शकाला आतून कळायला त्याने काही वर्षं कानाला फोन लावून बसलेलं असावं लागतं, आणि दामले बसले होते.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल थेटरात 'संत तुकाराम' लागला तो वर्षभराहून जास्त काळ उतरलाच नाही. हा चित्रपट चालेल की नाही याबद्दल खुद्द कंपनीतही फारशी आशा नव्हती असं सांगतात. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. भारतीय चित्रपटाला तिथे मिळालेली ती पहिली दाद. दोन्ही दिग्दर्शकांना इंग्रजी पत्रव्यवहाराची सवय नव्हती, परदेशात शिकण्याचा तर प्रश्नच नव्हता, आणि त्यांचं काम इटलीत नावाजलं जात होतं.

रेड्याला आवाज

पुढे 'गोपाळकृष्ण' (१९३८) आणि मग १९४० चा 'संत ज्ञानेश्वर'. मोठे ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. सहदिग्दर्शक फत्तेलाल मुसलमान, शाहू मोडक ख्रिस्ती, आणि गावोगावचे वारकरी पडद्यापुढे हात जोडून बसलेले. या गोष्टीचं त्या काळात कोणाला फारसं अप्रूपही वाटलं नाही. फत्तेलाल तर सगळ्यांचे साहेबमामा होते.

या चित्रपटात चमत्कार दाखवणं भाग होतं. चालणारी भिंत ही कॅमेऱ्याची करामत. रेड्याचे वेद ही मात्र आवाजाची. रेड्याचं चित्र वेगळं घ्यायचं, वेदपठण वेगळं रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही असं जोडायचं की बघणाऱ्याला हसू येता कामा नये. आठ-नऊ वर्षांपूर्वी जे तंत्र चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर बांधून ठेवत होतं, त्यात हे जमण्यासारखं नव्हतं. आवाज चित्रापासून सुटा झाला म्हणून तर तो हवा तिथे नेऊन ठेवता आला. आणि प्रेक्षक हसले नाहीत. आळे-ओतूरच्या माणसांना ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती, आता ती ऐकूही आली.

१९४१ मध्ये राजा नेने यांच्यासोबत 'संत सखू' झाला. पण 'प्रभात'चे दिवस पालटत होते. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामांनी कंपनी सोडली आणि मुंबईत राजकमल उभारलं. त्यांच्या जाण्याने जो खड्डा पडला तो भरला नाही. दामलेंची तब्येतही ढासळत गेली आणि ५ जुलै १९४५ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते.

दामले गेल्यावर कंपनी काही वर्षं रेटली गेली आणि १९५० च्या दशकात बंद पडली. आवाराचा लिलाव झाला. १९६० मध्ये केंद्र सरकारने त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. ध्वनिमुद्रण हा तिथे शिकवला जाणारा एक मुख्य विषय आहे. ज्या आवारात पुण्यातल्या बोलपटांची पहिली पिढी घडली, तिथेच देशभरातली मुलं आता मायक्रोफोन कुठे ठेवायचा ते शिकतात. 'प्रभात'चे बरेचसे चित्रपट पुढे दामले कुटुंबाने प्रयत्नपूर्वक परत मिळवले, म्हणून ते आज पाहता येतात.

व्हेनिसहून आलेली 'संत तुकाराम'ची गौरवपाटी मात्र मधल्या काळात गहाळ झाली होती. ती केरळच्या एका छायालेखकाच्या हाती लागली आणि मार्च २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आली.